बिनकिडीची वांगी

बीडजवळच्या आमच्या पाली गावात खंडोबा मानणाऱ्या घरांत चंपाषष्ठीपर्यंत वांगे शिजत नाही. आषाढात सोडलेले वांगे मार्गशीर्षात भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवूनच पुन्हा खायचे. देवळातल्या जेवणासाठी वांगी आणण्याचे काम माझ्याकडे होते आणि ती मी सलग नऊ वर्षे एकाच बाईच्या वावरातून आणत होतो. धरणाच्या खालच्या अंगाला तिचे दहा गुंठे वांगे असे. मी तिला आक्का म्हणायचो. ती रोज सकाळी ओळीओळीने फिरून सुकलेले शेंडे खुडायची आणि आतल्या अळीसकट चुलीत घालायची. फवारा तिने कधी मारला नव्हता. एका वर्षी मी तिची शंभर वांगी चिरून पाहिली होती. किडकी दोन निघाली.

२००९ च्या दिवाळीच्या सुमाराला पेपरात बीटी वांग्याची, म्हणजे अळी लागू नये म्हणून जनुक बदललेल्या नव्या वाणाची, चर्चा सुरू झाली. पेपरातल्या दोन परिच्छेदांनी माझे समाधान होईना, म्हणून बीडला जाऊन सायबर कॅफेत तासभर बसलो. दोन गोष्टी हाती लागल्या. एक इंग्रजी अहवाल, सात पानांचा, तक्त्यांनी भरलेला. काय तपासले आणि काय तपासायचे राहिले, दोन्ही त्यात लिहिले होते. दुसरे मराठीत, एकच पान. लिहिणाऱ्याचे नाव नाही, तारीख नाही. या वांग्याला कीड लागत नाही, कारण विष त्याच्या पोटातच असते आणि तेच तुमच्या पोटात जाणार, असा मजकूर. शेवटी लिहिले होते, दहा जणांना पाठवा.

मी मराठी पान छापून घेतले. गावात वाचता येणार होते ते तेच. सात पानांतले मुद्दे वहीत उतरवले आणि तोंडी सांगायचे ठरवले.

पान देवळाच्या पारावर वाचले गेले. आठ दिवसांत त्याच्या अकरा झेरॉक्स मी स्वतः मोजल्या. न्हाव्याकडे, दूध डेअरीत, पिठाच्या गिरणीत. झेरॉक्सची झेरॉक्स निघत गेली तशी अक्षरे काळी पडली, पण शेवटची ओळ सगळीकडे वाचता येत होती. वही कोणी मागितली नाही.

"ते बियाणं अजून विकायलाच आलेलं नाही," मी पारावर सांगितले.

"कापूस काय सांगून आलता का बे?" गिरणीवाला म्हणाला. देवळाच्या मंडळाचा अध्यक्षही तोच. "आदी वावरात आला, मग पेपरात."

बीटी कापसाचे बियाणे परवानगीआधीच वावरांत पोचले होते, त्यामुळे तो फारसे चुकीचे बोलत नव्हता.

बाजारात लोक वांगी उलटसुलट करून भोक शोधू लागले. भोक असले की घ्यायचे. अळीने खाल्ले म्हणजे माणसाला चालेल, असा हिशेब. आक्काच्या पाटीत भोक सापडेना.

"आक्का, तुजी वांगी लई गुळगुळीत गं यंदा. बियाणं कुटलं?" एका गिऱ्हाइकाने विचारले.

"माज्या सासूच्या हातचं."

"सासू तर कवाच गेली. वरून धाडती काय?"

सगळे हसले. पाटी भरलेली परत गेली. पुढच्या बाजारीही तसेच झाले.

मग आक्का माझ्या घरी आली. बस म्हटले तरी बसली नाही.

"दादा, तो कागद तुमी आणला म्हणं."

"आणला."

"त्यात माजं नाव हाय का?"

"नाही."

"मग माजीच वांगी कावून परत येत्यात? तुमी शंबर चिरलती ना? सांगा की तसं. चंपाषष्टीला देवळानं घेतली तर गाव घेतंय. न्हाई घेतली तर माजं वावर संपलं."

मी मंडळाच्या बैठकीत सांगितले. शंभरांत दोन, डोळ्यांनी पाहिलेली. गिरणीवाल्याने शांतपणे ऐकले.

"म्हंजे अठ्ठ्याण्णव बिनकिडी," तो म्हणाला. "कागदात तेच तर लिवलंय."

आयुष्यभर मी आकड्यांवर विसंबलो होतो. त्या दिवशी माझाच आकडा तिच्या विरुद्ध गेला. किडकी वांगी दाखव, तरच घेऊ, असा निरोप मलाच न्यावा लागला.

"लोकांला कीड पायजे," आक्का म्हणाली. "ठेवते."

तिने शेंडे खुडणे बंद केले. तीन आठवड्यांत ओळीच्या ओळी माना टाकून उभ्या राहिल्या. अळी शेंड्यातून फळात उतरली. चंपाषष्ठीला दोन दिवस उरले असताना मी बांधावर गेलो, तर तोंडाला पदर बांधून, पाठीवर शेजाऱ्याचा पंप घेऊन ती फवारत होती.

"हाताला एक वांगं धड लागंना," ती म्हणाली. "खुडून आता भागत न्हाई."

बांधावर बाटली पडली होती. शेजाऱ्याच्या कापसाची, उरलेली. चिठ्ठी निघून गेलेली, त्यामुळे फवारल्यावर किती दिवस तोडायचे नाही ते कळायला मार्ग नव्हता.

चंपाषष्ठीला वांगी देवळात आली. गिरणीवाल्याने एक उचलून भोकात करंगळीचे नख घातले.

"आता हाय खरं वांगं."

"यावर परवा फवारा झालाय," मी म्हणालो. "कापसाचं औषध."

"धुवून भाजल्यावर काय ऱ्हातंय? तुज्या कागदात फवाऱ्याचं काय लिवलंय का?"

"नाही."

"मग."

मी वांगी मोजून पाटी रिकामी केली. आक्का रिकाम्या पाटीजवळ उभी राहून माझ्याकडे बघत होती.

गोवऱ्यांच्या आरावर वांगी भाजली, सोलली, ठेचली. मोजली तेव्हा एकशे चाळीस माणसे जेवायला होती. आक्का माझ्यासमोरच्या रांगेत बसली. तिने रोडगा दुधात कुस्करला. वाढपी भरीत घेऊन आला तेव्हा तिने पानावर हात आडवा धरला. माझ्या पानात पडले होते. शेजारच्याने त्याचे संपवून वाढप्याला परत हाक मारली.