आईच्या खात्यावर दादाचा नंबर

मध्यंतर झालं आणि आई पॉपकॉर्न आणायला उठली. मी आणते म्हटलं तर म्हणाली, "बस तू. आज माझ्याकडून." शेजारच्या काकू, आई आणि मी, अशा तिघी दुपारच्या खेळाला आलो होतो. बाहेर डांबर चपलेला चिकटेल असं ऊन आणि आत गारेगार. आई मोठा डबा घेऊन आली, खुर्चीत टेकली, आणि तिचा फोन वाजला. पुण्याहून दादा होता.

आईने आवाज कमी करायच्या आतच आम्हाला ऐकू आलं, "आई, आत्ता थिएटरमध्ये काय घेतलंस एवढ्याचं?"

डबा माझ्या मांडीवर ठेवून आई बाहेर गेली. सिनेमा सुरू झाला तरी परत येईना, म्हणून मी उठून गेले. जिन्याजवळ उभी राहून ती दादाला समजावत होती. लहान डबा नव्हता, तिघींत एकच घेतला, आणि ती काही रोज येत नाही. तिने सगळं आयुष्य काटोलच्या शाळेत मुलांना शिकवण्यात घालवलं. उशिरा आलेली पोरं जशी कारणं सांगत, तशी आता तीच सांगत होती, आणि तेही स्वतःच्या पेन्शनमधून घेतलेल्या पॉपकॉर्नबद्दल. ती परत येऊन बसली. डब्याला मात्र तिने हात लावला नाही. काकूंनी विचारलं तर म्हणाली, "दातात अडकते वं."

मला तेव्हा जो राग आला, तो आजही तसाच आहे. म्हणून हे लिहिते आहे.

हा प्रकार सुरू कसा झाला, ते आधी सांगते. बाबा गेले तेव्हा दादा आला आणि तेरावं होईपर्यंत राहिला. कागदपत्रांची सगळी धावपळ त्यानेच केली, ते मी नाकारत नाही. त्याच दिवसांत त्याने आईच्या बँकखात्याला स्वतःचा मोबाइल नंबर जोडला. म्हाताऱ्या माणसांना फोन करून लुबाडतात, आईला संदेश वाचायची सवय नाही, काही गडबड झाली तर मला लगेच कळेल, असं त्याचं म्हणणं. ते आम्हाला पटलं. आईने सही केली. पुढे असं झालं की आईने कार्ड कुठेही लावलं, एटीएममधून पैसे काढले, की पुण्यात दादाचा फोन टुणकन वाजायचा. आणि मग आईचा.

पहिल्यांदा तो खरंच काळजीने विचारायचा. "आई, तूच काढले ना पैसे?" हो म्हटलं की ठेवायचा. मग हळूहळू "कशाला काढले?" सुरू झालं. मग "परवाच तर काढले होतेस." मग लोकरीच्या दुकानाचं नाव दिसलं की "आता विणून घालणार कोण आई?" पुण्याला गेल्यापासून त्याची बोलीही बदलली. आमच्याकडचं 'काहून' जाऊन त्याच्या तोंडात 'कशाला' बसलं, आणि त्या 'कशाला'ला एक धार होती.

आता आई उधळी असती तर गोष्ट वेगळी. माझी आई! महिन्याच्या पगारातून आधी पोस्टात आणि मगच किराण्याच्या दुकानात, हा तिचा क्रम मी लहानपणापासून पाहिला आहे. पगाराच्या दिवशी ती आम्हा दोघांना घेऊन निघायची. पोस्टाचं काम झालं, सामान घेतलं, की बसस्टँडजवळच्या दुकानात थांबायची. आम्हाला बिस्किटांचा पुडा. स्वतःसाठी लिंबू सोड्याची बाटली. ती बाटली ती दुकानाच्या सावलीत उभी राहून एकटी, सावकाश संपवायची. दादा हट्टाने घोट मागायचा तर म्हणायची, "तुले तुझं भेटलं ना? हे माझं आहे." तिच्या तोंडून 'माझं' हा शब्द आम्ही तेवढ्याच वेळी ऐकायचो. बाकी घरात सगळं आमचं असायचं.

नागपुरात प्रताप नगरातलं घर अशाच बचतीतून उभं राहिलं. दादाचं इंजिनिअरिंग त्यातूनच झालं. बाबांचं आजारपण निघालं तेव्हाही तिने कुणापुढे हात पसरला नाही. आणि आजही पेन्शन जमा झाली की आधी बचतीचा हप्ता जातो, मग घरखर्च, मग कामवाल्या बाईंचा पगार, आणि जे उरेल त्यात तिचा सिनेमा, तिची लोकर, कधी काकूंसोबत मेट्रोने बर्डीच्या बाजारात जाऊन खाल्लेला डोसा. ज्या बाईने संसारभर मुठीत धरून पैसा वापरला, तिला बचतीचे धडे कोण देतं? तिच्या बचतीवर शिकलेला मुलगा!

धडे म्हणजे खरोखरचे धडे. कुणी टाय लावलेला माणूस फळ्यावर आकडे मांडून सांगतो की रोजचा चहा बाहेर प्यायचा सोडला तर म्हातारपणी लखपती व्हाल, असे व्हिडिओ दादा तिला पाठवायचा. आईने एकदा मला विचारलं, "म्हातारपणी म्हंजे आता कवा वं? अजून किती म्हातारी होऊ?"

त्या पॉपकॉर्ननंतर मी दादाला फोन केला. म्हटलं, तिच्या मागे लागणं बंद कर.

"मी मागे लागत नाही," तो म्हणाला. "छोटे छोटे खर्चच माणसाला बुडवतात. तुला कळत नाही का? उद्या तिला काही झालं तर?"

"तिने त्यासाठी वेगळे ठेवले आहेत."

"ते पुरतील कशावरून?"

"आणि तू दरवर्षी फोन बदलतोस, ते?"

"मी कमावतो," तो म्हणाला.

मी कमावतो! म्हणजे पेन्शन ही काय भीक असते? मला बोलायचं खूप होतं, पण रागात माझे शब्द अडकतात. तो "तूच तिला समजाव" म्हणाला आणि मीटिंग आहे सांगून त्याने फोन ठेवला.

त्यानंतर आईत फरक पडत गेला. सिनेमाला चल म्हटलं की गुडघा दुखतो म्हणायची. काकू एकट्याच जाऊन आल्या. विणकाम अर्धवट पडलं, कारण त्या रंगाची लोकर संपली होती आणि नवी तिने आणली नाही. मी आणून देते म्हटलं तर, "राहू दे, उन्हाळ्यात कोण विणते." मी कन्हानला शाळेच्या ऑफिसात काम करते, तिकडेच राहते, आईकडे रविवारी येते. त्यामुळे रोजचं मला दिसत नव्हतं. वयाने मन उडत असेल, असं मला वाटलं.

मग मे महिन्यात एका दुपारी काकूंचा फोन आला. आई खामल्याला दातांच्या डॉक्टरकडे गेली होती आणि परत येताना रस्त्यात चक्कर येऊन एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून राहिली होती. भाजीच्या गाडीवरच्या बाईने तिच्या तोंडावर पाणी मारलं आणि तिच्याच फोनवरून काकूंना बोलावलं. काकूंनी तिला ऑटोत घालून घरी आणलं.

मी सुट्टी टाकून स्कूटरने निघाले. पोचले तेव्हा आई कूलरसमोर आडवी होती, कपाळावर ओला पंचा, चेहरा लालबुंद. काकू कैरीचं पन्हं पाजत होत्या. डॉक्टर येऊन गेले होते. ऊन लागलं होतं, थोडक्यात निभावलं, असं ते म्हणाले होते.

"आई, पायी काहून आली तू?" मी विचारलं. घरात पाय ठेवला की माझीही भाषा बदलते. "ऑटो काहून नाही केला?"

"जवळच तं आहे."

"या उन्हात? गुडघ्याचं काय झालं मग?"

काकू पेला घेऊन आत गेल्या. तेव्हा आई भिंतीकडे पाहत म्हणाली, "जवळचे रोख संपले होते. डॉक्टरले दिले. एटीएम समोरच होतं. पण मंग त्याचा फोन आला असता."

"आला असता तर येऊ द्यायचा होता!"

"दात काढाचे इतके घेतात का म्हणून विचारलं असतं. दुसऱ्या डॉक्टरकडे काहून नाही गेली म्हणून विचारलं असतं. माह्या तोंडात कापूस होता वं, बोलता येत नव्हतं. म्हटलं, चालत जाऊ."

मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. सत्तरी ओलांडलेली बाई, उपटलेल्या दाताच्या जागी कापूस, नागपूरचा मे, आणि ती एटीएमसमोरून पुढे चालत जाते, कारण तिथून पैसे काढले तर तिच्या मुलाला कळेल! स्वतःच्या पैशाला चोरासारखं भिऊन.

त्याच संध्याकाळी मी दादाला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो आधी घाबरला. आई कशी आहे, कोणत्या डॉक्टरांनी पाहिलं, येऊ का, असं विचारत राहिला. मग ऐकून घेता घेता म्हणाला, "म्हणजे मी तिला उन्हात पाठवलं, असं तुला म्हणायचं आहे?"

"हो," मी म्हटलं.

आणि फोन ठेवला.

आई बरी झाली. पुढच्या वेळी मी आले तर साडी नेसून, पर्स घेऊन तयार बसलेली. "बँकेत चाल माझ्यासोबत. तो नंबर काढून टाकतो आपण."

बँकेत काउंटरच्या तरुण मुलीने आईचं पासबुक पाहिलं, आधार कार्ड पाहिलं आणि मान वर करून विचारलं मला. "मॅडम, मुलाचा नंबर आहे ना? मग राहू द्या ना. आजींना कशाला त्रास? ओटीपी वगैरे त्यांना जमणार नाही."

मी तोंड उघडणार तोच आईने माझ्या हातावर हात ठेवला. "बेटा, इकडे पाहा," ती त्या मुलीला म्हणाली. "खातं कोणाचं आहे?"

"तुमचं, आजी."

"मंग विचारायचं कोणाले?"

मुलगी कसनुशी हसली, आत जाऊन साहेबांना घेऊन आली. साहेब मोठे अदबीने बोलणारे. खुर्ची द्यायला लावली, पाणी मागवलं आणि म्हणाले, "माताजी, एकदा मुलाशी बोलून घेतलं असतं तर बरं. घरात वाद नको."

इतका वेळ मी दातओठ खात होते. आता राहवलं नाही. "तुम्ही तुमच्या खात्याचा नंबर बदलताना आईला विचारता का?" रांगेतले लोक वळून बघायला लागले. साहेबांचा चेहरा पडला. आई मात्र शांत होती. तिने पर्समधून चष्मा काढला, म्हणाली, "कुठे सही करू ते सांगा." आणि साहेबांनी जिथे बोट ठेवलं तिथे सह्या केल्या, आपल्या शाळेतल्या वळणदार अक्षरात. काम झालं.

नंबर बदलल्याचा संदेश दादाच्या फोनवर गेलाच असणार. आम्ही मेट्रोत चढत होतो तेव्हा त्याचा घाबरलेला फोन आला. त्याला वाटलं, कुणीतरी फसवलं.

"कोणी नाही फसवलं बाबू," आई म्हणाली. "मीच बदलला." मग ती बराच वेळ ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "तुह्या काळजीचं मले समजते. पण तू काळजी करून राहिला का हिशोब घेऊन राहिला, हे मले समजेनासं झालं होतं."

तो रुसला. पावसाळाभर त्याचे फोन कमी झाले, आले तरी तब्येतीपुरते. दिवाळीला आला. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी आईने आम्हा दोघांना समोर बसवलं आणि आजारपणासाठी काय ठेवलं आहे, पोस्टातलं कुठे आहे, कपाटाची किल्ली कुठे असते, सगळं सांगितलं. "हे अडीअडचणीचं. याले मी हात लावत नाही. याच्या वरचं मी कसं खर्च करतो, ते मले कोणी विचारायचं नाही. तू बी नाही," असं ती दादाला म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "अन् तू बी नाही."

दादा खाली मान घालून बसला होता. मग म्हणाला, "बाबांच्या वेळी दवाखान्याचं बिल रोज वाढत होतं ना आई, तेव्हापासून मला भीतीच बसली." आईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

तिचं मन लगेच विरघळलं. माझं नाही विरघळलं. भीती मलाही होती, बिलं मीही पाहिली होती, म्हणून काही मी कुणाच्या पॉपकॉर्नवर पहारा बसवला नाही. आणि ही भीती आईच्याच खर्चापाशी बरी येऊन थांबते! त्याच्या स्वतःच्या खर्चात त्या भीतीने कधी पाऊल टाकलेलं मी पाहिलं नाही.

हल्ली तो दर रविवारी फोन करतो. सुरुवातीला दोघांना बोलायला काही सुचायचं नाही, इतका त्यांच्या बोलण्यात पैसाच भरला होता. आता आई त्याला कॉलनीतल्या भानगडी सांगते आणि तो हसतो, ते मला पलीकडच्या खोलीत ऐकू येतं. त्याच्या वाढदिवसाला तिने विचारलं, "तू किती दिवस फुगून राहशील वं? कर ना त्याले फोन."

केला. थंडी, पुण्यातली रहदारी, माझ्या शाळेचं गॅदरिंग, इतकंच बोललो. ठेवताना तो म्हणाला, "अजून रागावली आहेस का?"

"हो," मी म्हटलं, आणि त्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या.