टोकावड्याच्या चिखलातले पाळक

"आज कोण दिसत नाही?" एवढं विचारल्याशिवाय साळवे पाळक उपासना सुरू करत नसत. मुरबाडचं आमचं ख्रिस्ती देऊळ म्हणजे भाड्याची पत्र्याची खोली. माणसं मोजकी, कोण नाही ते सगळ्यांना दिसायचंच. तरी ते विचारायचे आणि दुपारी एसटीने त्या माणसाच्या दारात हजर व्हायचे.

मी बाप्तिस्मा घेतलेला नव्हता. नवरा गेल्यावर ओळखीच्या एका बाईबरोबर गेले, गाणी आवडली, जात राहिले. मंडळीचा कारभार बघणारे बापू शिंदे मला विचारायचे, "पारूबाय, तू आमच्यातली का पावनी?"

"तुमाला जागा कमी पडते का?" मी म्हणायची.

पाळक मध्ये पडायचे. "बापू, जो आला नाही म्हणून आपल्याला चुकल्यासारखं वाटतं, तो आपला."

ऐकायला बरं वाटायचं. खरं मात्र वाटत नव्हतं. बोलायला काय लागतं?

एका आषाढात बांधावरून घसरून माझा उजवा हात मोडला. प्लास्टर घातलं. नेमके आवणीचे दिवस. आमच्या गावी, टोकावड्याला, भाताची लावणी पाळीने चालते. आज सगळ्यांनी माझ्या शेतात राबायचं, उद्या मी त्यांच्या शेतात. हात मोडलेल्या बाईला पाळीत कोण धरणार? दोष कुणाचाच नव्हता, ज्याची त्याची लावणी खोळंबली होती. मुलगा मला नाही, मुली लांब दिलेल्या. रोप पिवळं पडू लागलं. ते वाया गेलं असतं तर वर्षभर मला तांदूळ विकत घ्यावा लागला असता, आणि ते मला जमणार नव्हतं.

त्या रविवारी मी देवळात गेले नाही. दुपारी पाळक आले, रोप बघितलं.

"हे किती दिवस टिकेल?"

"येत्या रविवारपर्यंत टिकलं तर टिकलं."

"मग रविवारची उपासना तुमच्या शेतात."

"साहेब, मला पाळी फेडता यायची नाय."

"मागितली कोणी?"

रविवारी दोन जीप भरून मंडळी आली. शाळेतल्या बाई, दवाखान्यातली नर्स, एसटीचा कंडक्टर, आणि सगळ्यात पुढे धोतर खोचलेले बापू. बांधावर लहानशी प्रार्थना झाली आणि पाळक चिखलात उतरले. नगरकडचा माणूस, ज्वारीच्या मुलखातला. भात मागे सरत लावायचा असतो. हे पुढे चालत लावत होते आणि आपलंच रोप तुडवत होते.

"आवो साहेब, मागं सरा!" बापू कडाडले. "लावताय का मळताय?"

पाळक मुकाट्याने वळले.

शेजारच्या बायका बघायला जमल्या. "ह्यो कोन गो बाबा, कोंबडीवानी उकरतोय?" त्यांचे हात शिवशिवायला लागले. त्याही उतरल्या. मी बांधावरून हुकूम सोडत होते, त्याला एक हात पुरतो. दिवस मावळायच्या आत सगळं शेत लावून झालं. अख्ख्या टोकावड्यात त्या दिवशी माझ्याइतकी ताठ बाई नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात पाळकांची बदली झाली. निरोपाचं जेवण मी केलं, त्याच शेतातल्या तांदळाचं. पाळक बोलायला उभे राहिले.

"तुम्ही एकमेकांचे आहात, असं मी जन्मभर लोकांना सांगितलं. पण मी स्वतः सगळीकडे पाहुणाच होतो. लोक मान द्यायचे, चांगली खुर्ची द्यायचे. बापू मला चिखलात सगळ्यांसमोर ओरडले, त्या दिवशी मी इथला झालो. पाहुण्याला कोणी ओरडत नाही."

बापूंनी मान खाली घातली. नर्सने डोळ्यांना पदर लावला. पाळक पुढे बोलतच होते, त्यांचाही आवाज चिरकायला लागला होता. मला असलं काही चालत नाही. मी पळी घेऊन उठले.

"साहेब, पुरे झालं! भात निवतोय. बसा खाली!"

सगळी खोली हसली. पाळक निमूटपणे ताटावर बसले आणि तीनदा भात मागून जेवले.