थ्वेटची कॉलेट

त्या हिवाळ्यात कीथली गावात एकच कुजबुज होती: क्लिफर्ड थ्वेटने एनॉक बूथरॉइडला मशीनचं पातं पकडणारा चक उसना दिला, तो आतून चरबी फासून दिला. खाटकाच्या दुकानात तर चरबी डुकराची की मेंढीची, इथवर चर्चा पोचली होती.

एनॉक म्हणजे लोकरीच्या गिरणीत जन्मभर माग दुरुस्त केलेला माणूस. गिरणी सुटली आणि हात शिवशिवायला लागले, तसं त्याने परसातल्या लाकडी खोपटात धातू कापायचं एक छोटं मिलिंग मशीन आणून बसवलं आणि कोळशावर चालणारी, गुडघ्याएवढी आगगाडीची इंजिनं करायला घेतली. गावात असल्या म्हाताऱ्यांचं मंडळच होतं. बागेत मंडळाचा रूळ होता, रविवारी त्यावर पोरं बसवून फिरवायची. पोरांची हौस आपली नावाला, खरी हौस एकमेकांच्या इंजिनांना नावं ठेवायची.

एनॉकचं आणि थ्वेटचं हाडवैर होतं. कारण साधं. महापौरांच्या जाडजूड पत्नीला घेऊन एनॉकचं इंजिन चढावर धापा टाकत थांबलं, तेव्हा थ्वेट मागून आला आणि त्याने एका बोटाने ते ढकललं. दोन हातांनी ढकललं असतं तर एनॉकने कदाचित माफ केलं असतं.

मिलिंगचा कटर एनॉक ड्रिलच्या चकात धरायचा. तीन जबडे, तीन जागी चावा. कटर थरथरायचा, धातूवर लाटा उठायच्या. थ्वेटकडे कॉलेटचा चक होता. कॉलेट म्हणजे चिरा पाडलेली पोलादाची छोटी बाही. वरचा नट आवळला की ती कटरच्या दांड्याला चहूबाजूंनी मिठी मारते. एनॉक त्याला ‘लाडोबांची खेळणी’ म्हणायचा. चारचौघांत, थ्वेटला ऐकू जाईल असं.

एकदा मंडळाच्या चहाला एनॉकने आपण कापलेला एक तुकडा कौतुकाने टेबलावर ठेवला. थ्वेटने तो उचलून उजेडात धरला.

“काय रे एनॉक, पावाच्या सुरीने कापलास?”

सगळे खिदळले. पुढच्या बैठकीला थ्वेटने चक आणि कॉलेटचा डबाच टेबलावर आदळला.

“ने घरी. कॉलेट आधी नटात खटकन बसव, मग नट चकाला लाव. उलटं करू नकोस. राहील एवढं डोक्यात?”

“तुझ्या डोक्यात राहिलं, म्हणजे कुणाच्याही राहील.”

नाही म्हटलं असतं तर भ्याला असं झालं असतं, म्हणून एनॉकने डबा उचलला. आणि पंचाईत अशी, की कटर लोण्यातून जावा तसा चालायला लागला. एनॉक खूश झाला. थ्वेटच्या वस्तूमुळे खूश झालो म्हणून मग दिवसभर बायकोवर, एडनावर, खेकसत राहिला.

मग इंजिनाच्या सिलिंडरची पाळी आली. गनमेटलचं, काशाच्या जातीच्या धातूचं ओतीव सिलिंडर, ज्या भट्टीत ओतलं ती भट्टीही तोवर बंद पडलेली. दुसरं मिळणार नव्हतं. एनॉकने ते मशीनवर बांधलं, कटर लावला आणि हळूहळू चाक फिरवू लागला. अर्ध्या वाटेत आवाज बदलला. हात थांबेपर्यंत कटर कॉलेटमधून खाली सरकत सरकत सपाट हव्या असलेल्या पृष्ठभागात चर खोदून गेला होता.

एनॉक सपातांवरच मंडळाच्या अध्यक्षांच्या, सटक्लिफच्या, दारात.

“त्याने आतून काहीतरी फासलंय! थ्वेट तरी मंडळात राहील, नाही तर मी!”

आता थ्वेट होता एकटा. बायको गेलेली, राहायला नगरपालिकेची इवलीशी खोली. इंजिन आणि हत्यारं, सगळं मंडळाच्या शेडमध्ये. मंडळातून काढलं तर त्याला दिवसभर भिंतीकडे बघत बसावं लागणार होतं. एनॉकला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर त्याने नेमकं तेच मागितलं.

प्रार्थनामंदिराच्या मागच्या खोलीत बैठक भरली. थ्वेट उठला. त्याने ना शपथ घेतली, ना गयावया केली.

“मला एकच विचारायचंय. एनॉक, तू त्या कॉलेटला तेल लावलं होतंस?”

खोलीत हशा पिकला. कीथलीच्या दमट हवेत हत्याराला तेल न लावता दिवा मालवणारा माणूस आणि आंघोळ न करणारा माणूस मंडळाच्या लेखी एकच.

“अरे, तेल कोण लावत नाही?” सटक्लिफ म्हणाला. “भलतंच काय विचारतोस?”

एनॉकने मात्र टेबलाची कड घट्ट धरली. मग मान ताठ करून म्हणाला, “हत्यार कसं सांभाळायचं ते मला हा शिकवणार! घ्या मतं.”

हात वर झाले. थ्वेट बाहेर.

दाराशी एनॉकने डबा त्याच्यासमोर धरला.

“ठेव तुलाच,” थ्वेट म्हणाला. “तुला जास्त गरज आहे.”

“कचऱ्यात टाकीन.”

“टाक की. पण त्याआधी माझ्यासमोर खरं बोल.”

“चालता हो, थ्वेट.”

थ्वेट निघून गेला. त्याचं इंजिन भंगारवाल्याच्या गाडीतून गेलं, तेव्हा एनॉक फाटकाशी उभा राहून बघत होता. हसला नाही, पण हटलाही नाही.

डबा त्याने टाकला नाही. उलट त्यानंतर खोपटाची कडी आतून लागायला लागली. कटर लावायच्या आधी कॉलेट आणि कटरचा दांडा तो पेट्रोलच्या फडक्याने कोरडाठाक होईपर्यंत पुसायचा. एडनाने एकदा दारावर थाप मारून विचारलं, “एनॉक, हा कसला वास? घर पेटवतोयस का?”

“तुझं स्वयंपाकघर बघ.”

एडनाने पुन्हा विचारलं नाही. तिला तेलाचे डाग धुवायची सवय होती, आणि त्याच्या बाहीला अलीकडे डाग पडत नव्हते.

चरबी कुणीच फासली नव्हती. गंज चढू नये म्हणून एनॉकनेच कॉलेटला आतून-बाहेरून तेल लावलं होतं आणि कटर बसवताना ते पुसलं नव्हतं.