सुलाबाईच्या माळेतला रुपया

दिवाळी सरली की आटपाडीकडच्या माळावरनं धुळा आणि त्याची बायको सुलाबाई मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरत. समडोळीत धनपाल चौगुल्यांच्या ऊस तुटलेल्या रानात मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात जोंधळं घ्यायचं आणि पुढच्या रानाला लागायचं, हा त्यांचा शिरस्ता. सुलाबाई साठीकडं झुकलेली, पण आवाज असा, की तिनं बांधावरनं हाळी दिली तर शेजारच्या शिवारातली मेंढरंसुद्धा माना वर करायची. गळ्यात चांदीच्या रुपयांची माळ. सासूनं लग्नात घातलेली. आंघोळीलाही ती गळ्यातनं उतरत नसे.

त्या वर्षी ती जोंधळं न्यायला आली, तर धनपालची बायको गुणमाला सोप्यात बसून जुन्या नाण्यांचे फोटो काढत होती. पुण्याला नोकरी करणाऱ्या लेकीनं तिच्या फोनवर एक ॲप घालून दिलं होतं. नाण्याचा फोटो काढला की ते कुठलं, कोणत्या सालचं, काय किमतीचं, सगळं सांगायचं. देव्हाऱ्यातलं, फडताळातलं, शिवणाच्या डब्यातलं एकही नाणं गुणमालानं सोडलं नव्हतं.

"सुलाबाई, माळ काढा बघू."

"आगं बया! का वो वैनी?"

"फोनला दाखवूया."

"फोनला? त्येला काय लगीन करायचंय माज्यासंगं?"

माळ काही निघाली नाही. गुणमालानं गळ्यातच फोटो घ्यायला बघितलं. सुलाबाईला हसू आवरेना, माळ हलली, आणि फोन म्हणाला, हे कोटाचं बटण आहे.

"बटान?" सुलाबाईचं हसणं जागच्या जागी थांबलं. "माज्या सासूनं बटनं घातली व्हय मला?" तिनं तणतणत माळ काढली आणि गुणमालापुढं ठेवली. "इचार आता नीट त्येला."

गुणमालानं एकेक रुपया पुसून फोनपुढं धरला. बहुतेकांची किंमत नुसती चांदीची. एका रुपयाला मात्र फोन जरा रेंगाळला. मग गुणमालानं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला.

"सुलाबाई, ह्यो एकोणीसशे एकोणचाळीस सालचा. लय कमी सापडतोय म्हणतंय. लाखाच्या वर किंमत दाखवतंय."

सुलाबाईनं माळ उचलली, गळ्यात घातली, वरनं पदर घट्ट ओढला आणि तरातरा रानाकडं निघाली. जोंधळ्याचं पोतं सोप्यातच राहिलं.

धुळा बिऱ्हाडापाशी काठी तासत बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे बटान म्हनालं त्ये खोटं आन् लाख म्हनालं त्ये खरं, व्हय गं?"

सुलाबाईनं काठीची एक ढलपी त्याच्या अंगावर भिरकावली. पण तिच्या डोळ्यांपुढनं घोडी हलेना. संसार वाहणारी त्यांची घोडी म्हातारी झाली होती, लंगडत होती. गेल्या हंगामापासनं भांड्यांचं निम्मं गाठोडं सुलाबाईच्याच डोक्यावर असायचं.

सांगलीत जुन्या नाण्यांचं प्रदर्शन भरल्याचं गुणमालाला कळलं. दोघी एसटीनं गेल्या. काचेच्या पेट्यांमागं बसलेल्या सयाजीराव नावाच्या व्यापाऱ्यानं माळेतनं काढलेला रुपया भिंगाखाली धरला, कडा बघितल्या, वजन केलं.

"साल खरं आहे, मावशी. रुपयाही खरा. पण फोननं सांगितली ती कोऱ्या नाण्याची किंमत. तुमच्याला माळेत ओवायला कडी डागलीय, राजाचं नाकही झिजलंय." त्यानं आपली किंमत सांगितली.

सुलाबाईनं विचारलं, "त्येवढ्यात घोडी येती का?"

आजवर त्याला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. "कसली घोडी?"

"वझं वाहनारी. तरनी. आन् मारकी नगं."

गुणमालानं तिला बाजूला घेतलं. दोघी इतर दोन टेबलांवर रुपया दाखवून आल्या, तोवर सयाजीरावनं आपणहून किंमत वाढवली होती. तरी सुलाबाईची मूठ उघडेना.

"सासू काय म्हनंल वैनी? माळ मोडली म्हनंल."

"म्हणतील की."

सुलाबाईनं माळेतली मोकळी जागा चाचपली. सासूनंही मरेस्तवर डोक्यावरनंच गाठोडी वाहिली होती. मग ती एकदम हसली. "म्हनू द्या! घोडी बघितली की गप बसंल म्हातारी." आणि तिनं मूठ उघडली.

समडोळीला परतल्यावर गुणमालानं शिवणाच्या डब्यातला चांदीचा एक रुपया काढला, गावातल्या सोनाराकडनं कडी लावून घेतली आणि मोकळ्या जागी स्वतः ओवला. सुलाबाई नको नको म्हणत होती. "भैणीनं दिलेलं परत करत न्हाईत," गुणमाला म्हणाली.

विट्याच्या ओळखीच्या माणसाकडनं धुळानं तांबडी घोडी आणली. कपाळावर पांढरा टिळा. आल्या आल्या तिनं धुळाच्या डोक्यावरचा पटका दातांत धरला आणि काढूनच टाकला. गडी टकलावर हात ठेवून उभा, आणि सुलाबाई हसून हसून बांधावर बसली.

"आवं, मारकी नगं म्हनलं हुतं म्या! पटक्याचं सांगायचं ऱ्हायलं!"

गुणमालानं घोडीला गुळाचा खडा दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी भांडी, वाकळा, कोंबड्यांची डालगी, सगळं घोडीवर चढलं. म्हातारी घोडी मोकळ्या पाठीनं मागनं निघाली. मेंढरं रस्त्याला लागली. सुलाबाईनं मोकळ्या डोक्यावरचा पदर सारखा केला, दोन्ही हात हवेत उडवले आणि अशी हाळी दिली, की समडोळीतली कुत्रीसुद्धा उठून तिच्यामागनं वेशीपर्यंत गेली.