मनगटावरचं नाव

तिचं नाव मी विसरलो, मनगट मात्र विसरलो नाही. नागपुरात मी रेशनकार्डं लिहायचो तेव्हाची गोष्ट. पारशिवनीकडून मजुरीला आलेली ती बाई टेबलापुढं उभी होती. नवऱ्याचं नाव विचारलं तर मान खाली. बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हे मला काय ठाऊक नव्हतं? पण रांग लांब होती आणि माझा पारा चढलेला. तेवढ्यात तिच्या मनगटावर गोंदलेलं नाव दिसलं.

"हे काय, हातावरच तर आहे!" म्हणत मी ते मोठ्यानं वाचलं आणि लिहून टाकलं. रांग हसली. ती काहीतरी सांगू बघत होती. मी पुढच्याला बोलावलं.

आठ दिवसांनी ती शेजारणीला घेऊन आली. शेजारणीनं कार्डावरची चूक दाखवली, नवऱ्याचं खरं नाव सांगितलं.

"मग हातावरचं कोणाचं?" मी विचारलं.

"माह्या पोराचं, बाबूजी. देवीच्या साथीत गेला. आता हाक कोणाले मारू? म्हून गोंदून घेतला."

मला तिच्याकडे बघवेना. मी लाल शाईत टाक बुडवला आणि कार्डावरचं ते नाव खोडलं. तिनं पटकन दुसऱ्या हातानं मनगट झाकलं.