बिनफोडणीचं जेवण

कृष्णकांतकाका भोपळा चिरायला बसले की घाई असलेल्या माणसाने तिथे थांबू नये. फोड कापून झाली तरी त्यांचं काम संपत नाही. एकेक फोड हातात घेऊन तिच्या सगळ्या कडा ते सुरीने हलकेच तासतात. म्हणजे मंद आचेवर फोडी एकमेकींवर घासून मोडत नाहीत, आणि खालचा रस आरशासारखा नितळ राहतो. जयवंतीकाकू मागच्या दारातून येता-जाता विचारतात, "झाली का नखं कापून भोपळ्याची?"

"एका पायाची झाली," काका मान वर न करता सांगतात.

तारापूरच्या अलीकडे, जिथे खाडीचा खारा वारा केळीच्या पानांना चिरा पाडतो, तिथे राऊतांची वाडी आहे. नारळ, केळी, कडेला शेवगा, आणि मधल्या पट्ट्यात घरापुरता भाजीपाला. आमच्याकडची जमीन रेताड, पण कष्ट ओळखणारी. इथली शिराळी मोडली की पाणी उडतं आणि मुळा दाताखाली आवाज करतो. हे मी आमच्या गावचा म्हणून सांगत नाही. येऊन खाऊन बघा.

काकांची उमर बोईसरच्या कारखान्यात गेली. तरुण असताना कंपनीने त्यांना एक नवं यंत्र शिकायला जपानला धाडलं होतं. तिथे एका लहान गावात, कामगारांच्या वसतिगृहात, त्यांनी एक सबंध हिवाळा काढला. वसतिगृहात स्वयंपाकाला हारुए नावाची एक वयस्क बाई होती. काका आजही तिला हारुएबाईच म्हणतात, जणू ती शेजारच्या आळीत राहते. ना काकांना तिची भाषा येत होती, ना तिला काकांची. पण घरच्या आठवणीने व्याकूळ झालेल्या माणसाला भाजी चिरायला बसवावं, एवढं तिला कळत होतं. तिने सुरी हातात दिली आणि समोर मुळा ठेवला. पुढचं सगळं बोटांनी आणि मानेने झालं.

यंत्र केव्हाच भंगारात गेलं. हारुएबाईंचं शिक्षण तेवढं राहिलं. तांदूळ पाणी नितळ होईतो धुवायचा आणि शिजताना झाकण काढून डोकावायचं नाही. काकडी मीठ लावून पिळायची, वर भाजलेले तीळ आणि लिंबू. शेवग्याची फुलं, कोवळी भेंडी, बर्फासारख्या गार पाण्यात कालवलेल्या पातळ पिठात बुडवून तळायची. तिकडे त्याला तेंपुरा म्हणतात. काकू त्याला थंडीतली भजी म्हणतात. बोईसरच्या बाजारात सोया सॉसची बाटली सहज मिळायला लागली तेव्हापासून तर काकांनी आठवड्यातले तीन-चार दिवस आपली वेगळी चूल मांडली. वेगळी म्हणजे त्याच ओट्यावरची, दुसऱ्या बाजूची शेगडी.

एकदा त्यांनी मिसो करायचा घाट घातला. सोयाबीन आंबवून जपानी लोक एक घट्ट मसाला करतात, तो पाण्यात कालवला की सार तयार. काकांनी आमचे वाल घेतले, शिजवून वाटले, बरणीत भरले. बरणीने पाऊस पाहिला, गणपती पाहिले, आणि एके दिवशी स्वतःच तोंड उघडलं. त्या वासाने कुत्रं अंगण सोडून गेलं. काकूंनी बरणी केळीच्या बुंध्याशी रिकामी केली. "त्या केळीला मोठा घड लागला," असं काका अजून अभिमानाने सांगतात, जणू प्रयोग केळीसाठीच होता.

एक गोष्ट मात्र घरातल्या सगळ्यांनी गृहीत धरली होती. काकांचं हे जेवण काकू कधी खात नसत. ताट वाढून देत, टोमणे मारत, भांडी घासत. पण स्वतःला आपला डाळभात आणि माशाची तुकडी. आवड नसेल, असं काकांना वाटायचं. संसारात काही दारं आपण न ढकलताच बंद समजतो.

गेल्या दसऱ्यानंतरची गोष्ट. शैलेश हा त्यांचा मुलगा, कोळगावला जिल्ह्याच्या कचेरीत नोकरीला. त्याची बायको मेघाली मनोरची. हसरी, बोलकी, आणि खाण्याची शौकीन. हिला दिवस गेले. आधी एकदा राहिले होते, पण ते टिकलं नव्हतं. म्हणून या वेळी घरात आनंदही दबक्या पावलांनी वावरत होता.

आणि मेघालीचं अन्न तुटलं. तिला सगळ्यात जाच फोडणीचा. मोहरी तडतडली, लसूण तेलात पडला, की ही तोंडावर पदर धरून न्हाणीत पळायची. स्वतःच्या घरातली सोडा, वाऱ्यावर शेजारची आली तरी पोट ढवळायचं. काकूंनी काय करून घातलं नाही? आवळ्याचं सरबत, भाताची पेज, तिला आवडायचं म्हणून कोलंबीचं लिपतं, अंगाबरोबरच्या दाट रश्शाचं. सगळं आल्या वाटेने परत. पालघरच्या डॉक्टरीणबाईंनी वजन पाहिलं आणि चष्मा काढला. "अशीच उतरत राहिलीस तर पुढच्या खेपेला दाखल करून घेईन. सलाईन लावावं लागेल. काहीतरी पोटात ठेव बाई, काहीही."

त्या दिवशी दुपारी काकू वाडीत होत्या. काकांनी आपला नेहमीचा भोपळा काढला. कडा तासल्या, पातेल्यात एकच थर मांडला. पाणी फोडी जेमतेम भिजतील एवढं, चिमूट साखर, सोया सॉसचे थेंब. वर पातेल्याच्या तोंडाहून लहान अशी एक ताटली थेट फोडींवर टेकवली, म्हणजे थोडक्या रसात सगळ्या सारख्या शिजतात. दुसरीकडे भात. थोड्या वेळाने बघतात तो मेघाली दारात उभी.

"बाबा, काय करताय? वासच येत नाय कसला."

"तेच करतोय."

ती हसली. कितीतरी दिवसांनी. काकांनी वाटीत थोडा भात घातला, त्यावर दोन फोडी. ती ओट्याला टेकून उभ्यानेच खायला लागली. एक घास, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. काका तिच्याकडे पाहत नव्हते. उगाच सुरी पुसत होते. वाटी अर्धी झाली. अन्न राहिलं.

शैलेश संध्याकाळी आला तर घरात बातमी त्याची वाटच पाहत होती. "बाबा, तुमच्या हारुएबाईला साडीचोळी धाडली पायजे," तो म्हणाला. सगळे हसले, काकू सोडून. त्या मेघालीच्या ताटाकडे पाहत होत्या. पांढरा भात, फिकी भाजी, पिळलेली काकडी. हिंग नाही, मोहरी नाही, हळदीचा कण नाही. त्या आत गेल्या.

पुढे काही दिवस काकांची शेगडी सकाळ-संध्याकाळ पेटायला लागली. कच्ची केळी, कोवळा मुळा, शिराळी. मेघालीच्या गालांवर थोडी तकाकी आली. आणि काकूंचे टोमणे बंद झाले. देवापुढे जास्त वेळ बसायला लागल्या. काकांना वाटलं, सुनेने आपल्या हातचं खाल्लं, हिच्या हातचं नाही, म्हणून लागलं असेल. बायकोचा रुसवा आपोआप उतरतो हा नवऱ्यांचा जुना भ्रम. त्यांनी तो जपला.

मग एका दुपारी मेघाली जेवायला बसली. मुळा होता. पहिलाच घास तिने तोंडात घातला, डोळे विस्फारले, आणि ताट सारून ती धावली. मागे नुसता ओकाऱ्यांचा आवाज. सकाळचंही गेलं, आदल्या दिवसाचंही गेल्यासारखं झालं. शेवटी भिंतीला धरून ती खाली बसली, तोंड पांढरंफटक.

काकांनी मुळा उलटापालटा केला. खालच्या फोडींना तेल लागलेलं. चार मोहऱ्या. हिंगाचा वास.

"जयवंती!"

काकू मागच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी वाडीतल्या तीन दगडांच्या चुलीवर, वारा घराकडे नाही असं बघून, चमचाभर फोडणी केली होती, आणि तळाच्या भाजीला लावली होती.

"पोरीशी वैर हाय काय तुझं?" काकांचा आवाज चढला. असा तो त्या घरात सहसा चढत नाही. "माझ्या हातचं तिने खाल्लेलं खपत नाय तर मला सांग. तिच्या पोटावर कशाला?"

"तुमचं-माझं काय घेऊन बसलात!" काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. "बिनफोडणीचं, बिनहळदीचं कधी शिजतं आपल्यात, ठाऊक हाय ना तुमाला? सुतकात. माझा बाप गेला तवा मी एवढीशी होते. असाच पांढरा भात, अशीच फिकी भाजी, फोडणी बंद. ते ताट मी विसरले नाय. तेच ताट मी पोटुशीच्या पुढ्यात बघायचं? रोज? आधीचं एक गेलं आपलं. मला भय वाटतं हो."

आमच्या गावात हे कोणाला ठाऊक नाही? फोडणीचा आवाज बंद झाला की शेजारी ओळखतात, या घरात काहीतरी झालं. काकांनाही ठाऊक होतंच. पण हारुएबाईंची भाजी आणि सुतकाची भाजी या दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात कधी एका पंगतीला बसल्याच नव्हत्या.

"म्हणून तू कधी खाल्लं नाहीस?" त्यांनी हळू विचारलं.

"घशाखाली कसं उतरेल?"

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुमचा जीव रमत होता त्यात." काकूंनी पदराने नाक पुसलं. "खाणारे तुमी. तुमच्या पाठीमागे मी रोज देवाला सांगून ठेवत होते, हे सुतकाचं नाय, जपानचं हाय म्हणून."

भिंतीशी बसलेल्या मेघालीला एवढ्या अशक्तपणातही हसू फुटलं. "आई, देवाला कळतं जपान?"

"कळत नसंल तर शिकंल," काकू म्हणाल्या, आणि त्याही रडता रडता हसल्या. पण मेघालीच्या तोंडाकडे पाहून त्यांचं हसू विरलं. पोटात काही नाही, संध्याकाळ पुढे उभी, आणि दवाखान्याचा दिवस जवळ आलेला. फोडणी दिली तर पोरीच्या पोटात अन्न राहत नाही; नाही दिली तर आपला जीव थाऱ्यावर राहत नाही. त्या तशाच मागे वाडीत गेल्या. काकांना वाटलं, पुन्हा रडायला गेल्या.

मोरीचं पाणी जिथे वाहतं तिथे हळदीचे गड्डे लावलेले होते. पाती कंबरेएवढी उंच झालेली. काकूंनी त्यातली दोन रुंद पानं कापली, स्वच्छ धुतली, आणि येऊन ओट्यावर ठेवली.

"नवीन भोपळा चिरा," त्या म्हणाल्या. "आणि ती तुमची ताटली नको वर. हे पान ठेवा. सुतकाच्या ताटात हळद नसते, ह्यात हाय."

काकांनी पान नाकाशी नेलं. मग मेघालीकडे धरलं. तिने भीत भीत वास घेतला. गणपतीत पातोळ्या उकडतात तेव्हा घरभर असतो तोच, ओला, हिरवा, गोडसर.

"चालेल," ती म्हणाली. "हा चालेल."

त्या दुपारी राऊतांच्या स्वयंपाकघरात नखं कापायला दोघं बसली. काकूंच्या फोडी वाकड्या होत होत्या आणि काका बोलत नव्हते, यातच त्यांचं शहाणपण. एक पान भोपळ्यावर गेलं, फोडींना अंगाने टेकून. दुसरं भाताच्या पातेल्यात. वाफ आली तशी हळदीच्या पानाची दरवळ उठली. झाकण काढलं तेव्हा भाताच्या वरच्या थराला पानाचा गंध लागला होता, आणि रस नितळच होता. काकूंनी पानं बाजूला केली नाहीत. ती ताटांत पसरून त्यावरच भात वाढला, एक मेघालीला, एक स्वतःला, आणि तिच्या शेजारी पाटावर बसल्या.

"तुमी पण, आई?"

"पोटुशीने एकटीने नवं खाऊ नये."

मेघालीने घास घेतला. काकूंनी घेतला. काका ओट्याशी उभे. दोघी सावकाश चावत होत्या. मेघालीने दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, पाणी प्यायली, आणि तिघंही जणू तिच्या पोटाचं ऐकत होती. मग तिने ताट पुढे केलं. "अजून थोडा भात."

काकांनी वाढला. मग बायकोकडे वळून, जपानहून आल्यापासून मनात असलेला प्रश्न विचारला. "कसं झालंय?"

"मीठ कमी हाय," काकू म्हणाल्या, आणि त्यांनीही ताट पुढे केलं.

पुढच्या खेपेला दवाखान्यात वजनाचा काटा खाली गेला नाही. उलट जरासा वर सरकला. डॉक्टरीणबाईंनी दाखल करायचं नाव काढलं नाही. पण खरी परीक्षा पुढे होती. मनोरहून मेघालीची आई लेकीला बघायला आली. विहीणबाई जुन्या वळणाच्या, नजर तीक्ष्ण. सामान खाली ठेवायच्या आधी त्या स्वयंपाकघरात शिरल्या आणि त्यांनी झाकण उचललं. काका वाडीकडच्या दारातून हळूच बाहेर सरकायला लागले.

"ह्याला फोडणी नाय घातलीत?" विहीणबाईंनी भुवया चढवल्या. "हे काय पोटुशीचं जेवण?"

जयवंतीकाकूंनी झाकण त्यांच्या हातातून घेतलं आणि जागच्या जागी बसवलं.

"हळदीच्या पानातलं हाय ते," त्या ठामपणे म्हणाल्या. "आमच्या घराण्यात पोटुशीला असंच देतात. पिढ्यान्‌पिढ्यांचं हाय. झाकण उघडू नका मधेच, भात बसतो."

दारातले काका थबकले. विहीणबाईंनी लेकीकडे पाहिलं. लेक पोटभर जेवलेल्या माणसासारखी हसत होती. त्यांचा चेहरा निवळला.

"कसं करतात, मला पण दाखवा," त्या म्हणाल्या.

काकूंनी कोयता घेतला आणि त्या विहीणबाईंना हळदीच्या पातीकडे घेऊन निघाल्या. जाता जाता नवऱ्याला बजावलं, "उभे काय राहिलात? भोपळ्याची नखं कापायला घ्या."