वादळात न उघडायचं दार

भर समुद्रातल्या चार-पाच खडकांपैकी सर्वांत मोठ्यावर दीपगृह होतं, आणि ते सांभाळणारा तो दिवेवाला. तसा भित्रा नव्हता. चारचौघांत बसला की भुताखेतांची टर उडवायचा. पण वादळ उठलं की खालच्या लोखंडी दाराशी कोण हाक मारतं, हे त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. आवाज वस्तादांचा. ज्यांनी हाताला धरून काम शिकवलं, त्या वस्तादांना एका वादळात लाटेनं ओढून नेलं. डोक्यावरची टोपीसुद्धा सापडली नाही. तेव्हापासून घोगरा आवाज यायचा, "पोरा, दार उघड!" हा कानांत बोळे घालून वर दिव्यापाशी बसायचा.

नियमही त्याच्या सोयीचा होता. लाटांबरोबर येणारे दगड दारावर आपटतात, म्हणून कितीही वाजलं तरी उघडायचं नाही. बाहेर अडकलेल्यानं पलीकडच्या खडकावरच्या तेलाच्या कोठीत थांबायचं आणि खिडकीत कंदील लावायचा. कंदील दिसला की माणूस सुखरूप.

त्या संध्याकाळी ओहोटी साधून त्याच्या हाताखाली काम करणारा मेहुणा कोठीतून तेल आणायला गेला आणि बघता बघता वादळानं गाठलं. कोठीची खिडकी काळीकुट्ट. दिवेवाला काचेला नाक लावून तिकडेच बघत राहिला. बायकोनं बजावलं होतं, "एकुलता एक भाऊ आहे माझा. त्याला काही झालं तर मला तोंड दाखवू नका."

तेवढ्यात खालून तीच घोगरी हाक. "पोरा, दार उघड!"

"गप बसा हो!" तो जिन्यातून ओरडला. "आज तरी माझा पिच्छा सोडा!"

एरवी दोन-तीन हाकांत आवाज विरायचा. आज थांबेचना. दार धडाधड वाजत होतं. मेहुणा दाराशी येऊन पडला असला, तर या गोंगाटात त्याचं कण्हणं कुणाला ऐकू जाणार? खड्ड्यात गेला नियम! त्यानं खाली धावत जाऊन अडसर काढला.

पाण्याचा लोंढा छातीवर आला. उंबऱ्यात मेहुणा पडला होता, डोकं फुटलेलं, शुद्ध हरपलेली. हाक मारायचं त्राण त्याच्यात कुठून असणार! दिवेवाल्यानं त्याला बखोटीला धरून आत ओढलं आणि अंगातलं सगळं बळ लावून दार लोटलं.

मग कांबळं, शेगडी, तळपाय चोळणं. बऱ्याच वेळानं मेहुण्यानं डोळे उघडले. दिवेवाल्याला रडूच कोसळलं. "वाचलास रे, वाचलास!"

मेहुणा मात्र दाराकडे बघत होता.

"दाजी, दार का लावलंत? मला पाठीवर घालून आणणारे ते म्हातारबाबा बाहेरच राहिले की."